कुंडीखालचं बाड

उन्हाळ्यात आमच्या घरातल्या तीन धंद्यांचं एकमेकांशी पटत नाही. मागाला ओलावा हवा असतो, पुस्तकांना कोरडेपणा हवा असतो आणि झाडांना सरळ पाणीच हवं असतं. घर एक, पडवी एक आणि सगळं करणारी बाईही एकच. आमचे हे मदत करतात, म्हणजे मी काय करते आहे ते शेजारी बसून बघतात.

सिल्वासात किलवणीच्या रस्त्याला आमचं बैठं घर आहे. पुढे जाळीची पडवी, तिच्या एका टोकाला माझा हातमाग, दुसऱ्या टोकाला बायंडिंगचं टेबल आणि दोन्हींच्या मधे, बाहेर आणि जागा मिळेल तिथे कुंड्या. मागे चार वाफे आहेत. त्यांत उन्हाळ्यात गवार, भेंडी, दोडका आणि आमच्या ह्यांच्या हट्टाखातर एक कारल्याचा वेल. कारलं ते स्वतः खात नाहीत.

माग माझ्या वडिलांचा. आम्ही मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे, घरात विणकामच चालायचं. वडील गेल्यावर भावाला त्या खोलीत मोटारसायकल ठेवायची होती, म्हणून माग खोलून टेंपोत घालून मी सिल्वासाला आणला. बायंडिंग मात्र मी इथे शिकले. हे जवळच्या मसाटला कारखान्यात होते आणि मी गावातल्या एका छापखान्यात बायंडिंग खात्यात. या भागात जितके कारखाने तितकी गेटं आणि जितकी गेटं तितकी रजिस्टरं. कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं हे लिहिण्याच्या वह्या शिवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या वह्या पुढे कोणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही, पण एकीचंही पान कधी सुटलं नाही. पुढे गेटावर कॉम्प्युटर बसले, छापखाना बंद झाला, आणि मी सुया, सुरी नि कातर घेऊन घरी आले. दाबायचं लोखंडी यंत्र, ज्याला आम्ही शिकंजा म्हणायचो, ते भंगारात गेलं. त्याची हळहळ मला अजून वाटते. या गोष्टीचं मूळही तिथेच आहे.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुस्तक शिवायचं म्हणजे आधी जुनी शिवण उसवायची, पानांचे जुज करायचे, जुज म्हणजे एकात एक घातलेल्या पानांची जुडी, मग एकेक जुज दोऱ्याने दुसऱ्याला बांधत जायचं. पाठीला मैद्याची खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि वर वजन ठेवून सोडून द्यायचं. हे सोडून देणं सगळ्यात अवघड असतं. गिऱ्हाईक तेवढ्यात दोनदा येऊन जातं. वजन कमी पडलं किंवा खळ ओली राहिली की पुस्तक फुगतं, आणि फुगलेलं पुस्तक परत कधी मिटत नाही.

मागाचं उलट. ताण्याचे, म्हणजे उभे, सुती धागे कोरड्या गरम हवेत तटातट तुटतात. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे झाडांना पाणी घालते, मागाभोवती ओली गोणपाटं टांगते आणि हवेत गारवा आहे तोवर विणून घेते. ऊन तापलं की माग बंद. दुपारी पुस्तकं, कारण तेव्हा खळ वाळते. ऊन उतरलं की परत पाणी. ही वाटणी मी सूर्याशी केलेली आहे आणि तो ती पाळतो. गिऱ्हाइकं पाळत नाहीत.

गिऱ्हाइकांचं सांगायचं तर सावंतसर. सर मूळचे कोकणातले, इथल्या शाळेत नोकरी करून इथेच राहिलेले. त्यांनी वर्तमानपत्रातली शब्दकोडी कापून ठेवली होती, कित्येक वर्षांची, सगळी सोडवलेली. ती त्यांना जाड पुठ्ठ्यात बांधून हवी होती. शिवताना मला मधेच एक कोडं अर्धवट दिसलं. मी पुस्तक देताना तसं म्हटलं. सर म्हणाले, "ते मुद्दाम ठेवलंय. काहीतरी करायला हवं ना." ते अजून सुटलेलं नाही.

मागावर मी जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून त्यांच्या चटयाही विणते. शेजारच्या सायली गावातल्या एक बाई त्यांच्या वारलेल्या सासूबाईंच्या साड्या घेऊन आल्या. चांगल्या, जपून वापरलेल्या साड्या. मी म्हटलं, छान आसन होईल, देवघरात ठेवा. त्या म्हणाल्या, "नको, पायपुसणंच करा. दाराशीच हवं." मी करून दिलं. नंतर एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा बघितलं, त्या स्वतः त्याला वळसा घालून आत जात होत्या.

आता शिकंज्याचं. घरी आल्यावर वजनाचा प्रश्न आला. विटा ठेवून बघितल्या, त्यांची भुकटी पडते. पाटा ठेवला, तर घरात चटणीवरून बोलणी सुरू झाली. उन्हाळ्यात झाडं होरपळतात म्हणून कुंड्या तशाही पडवीत आणाव्या लागत. सिमेंटच्या कुंड्या, मातीने भरलेल्या, उचलायला दोन माणसं लागावीत अशा. एक दिवस मी पुस्तकावर फळी ठेवली आणि फळीवर कढीपत्त्याची कुंडी. झाडाला सावली मिळाली, पुस्तकाला वजन मिळालं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी ह्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आणि पाणी?"

त्याचाही बंदोबस्त केला. पुस्तकावर चढवायच्या आधी कुंडीला पोटभर पाणी द्यायचं, ते खालच्या भोकातून निथळू द्यायचं, कुंडीचं बूड पुसायचं आणि मगच ती फळीवर. पुस्तक सुटेपर्यंत तिला थेंबही नाही. कुठल्या कुंडीखाली पुस्तक आहे ते कळावं म्हणून तिच्या झाडाला मी मागावरच्या लाल धाग्याचा तुकडा बांधायची. लाल धागा म्हणजे पाणी बंद. ह्यांनी हे एकदाच ऐकलं आणि कधी चुकले नाहीत, हे मी मान्य करते.

त्या उन्हाळ्यात आखाजी तोंडावर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात ती दिवाळीच्या बरोबरीची. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. इथे मसाट-सायलीच्या कारखान्यांत आमच्याकडची माणसं पुष्कळ. त्यांना आखाजीला रजा मिळत नाही, म्हणून कामाची पाळी सुटल्यावर ती मसाटच्या कामगार चाळीमागच्या मोकळ्या जागेत जमतात. बायका झोका बांधतात आणि पुरुष डफावर जुनी गाणी म्हणतात. त्या गाण्यांचे म्होरके हिरामण बापू. मसाटलाच एका कारखान्यात बॉयलरवर होते, आता निवृत्त होऊन सायलीला मुलाकडे असतात. उंच, वाळके, आणि बोलणं असं की दर शब्दाला पदरचं काही जातं आहे.

बापू माझ्याकडे दोन कामं घेऊन आले. एक, गाणाऱ्यांच्या खांद्यावर टाकायला पांढरी उपरणी. दुसरं त्यांनी पिशवीतून काढलं ते कापडात गुंडाळलेलं होतं. त्यांच्या वडिलांनी हाताने लिहून काढलेलं गाण्यांचं बाड. कडा झिजलेल्या, शिवण सुटलेली, काही पानं नुसती अंगाला अंग लावून उभी होती. अक्षर शाईच्या पेनाचं, निळं, टपोरं, प्रत्येक ओळ संपताना जरा वर चढणारं.

"ताई, हाई बाड मना बापनं शे," बापू म्हणाले. "बांधीसन दे. आखाजीले जोयजे."

मी म्हटलं, "आखाजीच्या आत देते. चार पिढ्या हलणार नाही असं बांधते."

असं मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

बाड मी मन लावून शिवलं. शेवटच्या काही पानांवर बापूंच्या पुतण्याने बॉलपेनने भर घातली होती, तीही जागच्या जागी घेतली. खळ लावली, पुठ्ठा चढवला, फळी ठेवली, आणि फळीवर मोगऱ्याची कुंडी. मोगऱ्याला लाल धागा. मागावर उपरण्यांचा पांढरा ताणा चढवून ठेवला होता, तो परत येऊन विणायचा होता. कारण मधेच नाशिकला ह्यांच्या भाच्याचा साखरपुडा निघाला.

आमच्या ओळीत एक रीत आहे. कोणी गावाला गेलं की शेजारी झाडांना पाणी घालतात. सांगावं लागत नाही, सांगितलं तर उलट राग येतो. पडवीच्या जाळीची किल्ली आमच्या शेजारच्या उर्मिलाबेनकडे असते. त्या वलसाडकडच्या, माणूस सोन्यासारखं. एरवी मी गावाला जाताना कुठल्याही पुस्तकावर कुंडी ठेवून जात नसे. या वेळी ठेवली, कारण आखाजी जवळ होती. उर्मिलाबेनना तेवढं एक सांगायचं, ते गाडीच्या गडबडीत राहिलं.

परत आलो तेव्हा मोगरा फुलला होता. इतका मी त्याला कधी फुललेला पाहिला नव्हता. खाली फळी फुगली होती, आणि फळीच्या कडेने निळं पाणी टेबलावर उतरून सुकलं होतं.

उर्मिलाबेन जाळीशी आल्या, खूश होत्या. "ताई, सगळ्या झाडांना मी बराबर पाणी टाकला हां. आणि आ लाल दोरावाळा झाड, मला वाटलं तुमच्या मानताचा छे. त्याला तर मी वधारे टाकला. सवारे-सांजे, दोन-दोन डबा."

नवसाचं झाड समजून त्यांनी त्याला जास्त पाणी घातलं होतं. मी त्यांना म्हटलं, फार चांगलं केलंत. दुसरं काय म्हणणार? त्यांनी खरंच चांगलंच केलं होतं. मोगऱ्याची ओंजळभर फुलं त्यांच्या हातावर ठेवली आणि आत जाऊन खाली बसले.

कुंडी उतरवली. पुठ्ठा लगदा झाला होता. शेवटची पानं, पुतण्याची बॉलपेनची, ओली झाली होती पण अक्षराला धक्का लागलेला नव्हता. ती वाहून गेली असती तर कोणाचंच काही अडलं नसतं. वडिलांची पानं मात्र निळी पडली होती. वरच्या जुजांतलं अक्षर उतरून गेलं होतं, मधल्या जुजांत ते फुटलं होतं, खालचं तेवढं अजून धरून होतं. आणि ते जितका वेळ ओलं राहील तितकं जाणार होतं.

मीच घातलेली शिवण मी कापली. जुज सोडवले. ओला कागद उन्हात टाकला तर आकसतो. दोरीवर टाकला तर स्वतःच्या वजनाने फाटतो. जमिनीवर पसरला तर वरून सुकतो आणि खालून चिकटतो. त्याला वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा लागते. पान हातात धरून मी पडवीत उभी राहिले आणि समोर माग होता. ताणून बसवलेले शेकडो पांढरे धागे, सपाट, खालून मोकळे.

हे म्हणाले, "आणि उपरणी?"

"उपरणी मरू देत," मी म्हटलं.

गोणपाटं काढून ह्यांनी बाहेर टाकली आणि पंखा आणून मागाखाली लावला. लग्नानंतर इतकं वेळेवर काही केल्याचं मला आठवत नाही. मी एकेक पान जुन्या धोतराने टिपून ताण्यावर पसरत गेले. ताण्याला खळ असते, ती ओली झाली की कागद धरून ठेवते. म्हणून पसरलेलं पान थोड्या थोड्या वेळाने उचलायचं, पुसटसं सरकवायचं, परत ठेवायचं. हे उचलत, मी ठेवत होते. पानं वाळत गेली, तसा खालचा पांढरा ताणा निळा होत गेला. जिथे पान होतं तिथे निळे डाग, एकावर एक.

अर्ध्याहून अधिक अक्षर टिकलं. बाकीची पानं वाळली तेव्हा कोरी किंवा निळसर, आभाळ आल्यासारखी झाली होती.

बापूंना मी निरोप धाडला नाही. सायलीला त्यांच्या घरी गेले आणि पानं त्यांच्या पुढ्यात ठेवून झालं तसं सांगितलं. कुंडीपासून, धाग्यापासून. बापू पानं बघत होते. त्यांचा मुलगा समजुतीने म्हणाला, "आबा, गाणी तर तुम्हाला सगळी पाठ आहेत. मी मोबाइलवर टाइप करून प्रिंट काढतो, एकदम क्लीन. काका लोकांना पण देऊ."

बापूंनी एक कोरं झालेलं पान उजेडाकडे धरलं.

"गाणं माले पाठ शे," ते म्हणाले. "अक्षर पाठ नही ना."

मुलाने हातातला मोबाइल खिशात घातला. सुनेने चहा आणला, तो आम्ही घेतला. निघताना बापू एवढंच म्हणाले की बाड आखाजीला हवं, जसं आहे तसं.

घरी येऊन मी ते दुसऱ्यांदा शिवलं. कोरी पानंसुद्धा त्यांच्या त्यांच्या जागी ठेवली. हे म्हणाले कोरी कशाला. मी म्हटलं, त्यांच्याही मागेपुढे गाणी आहेत. या वेळी वजन म्हणून गव्हाचा डबा ठेवला, आणि तो सुटेपर्यंत आम्ही विकतच्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या.

राहिला ताणा. नवीन ताणा चढवायला वेळ नव्हता. गाणारे उघड्या खांद्याने उभे राहण्यापेक्षा डागांची उपरणी बरी, म्हणून मी त्याच ताण्यावर पांढरा आडवा धागा घालून विणायला घेतलं. ताण्यावर सांडलेला रंग विणताना कसा दिसतो ते विणकराला ठाऊक असतं. उभे धागे केसभर पुढेमागे सरकतात, आणि डागाच्या कडा वर-खाली विस्कटतात. तसंच दिसत होतं. पण एका उपरण्यात, पदराच्या जरा वर, मला थांबावं लागलं. तिथे नुसता डाग नव्हता, ओळी होत्या. उलट्या, पुसट, वाचता न येणाऱ्या. दर ओळ एका बाजूला जरा वर चढत होती.

मी धागा ठोकायची फणी हातात धरून त्या ओळी बघितल्या. मग पुढचं विणलं.

आखाजीच्या संध्याकाळी आम्ही बाड आणि उपरणी घेऊन मसाटला गेलो. उर्मिलाबेन बरोबर होत्या. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं आणि आजतागायत सांगितलेलं नाही. हे छापून आल्यावर कळलं तर कळू दे, त्या मराठी वाचत नाहीत. चाळीमागे झोका बांधला होता, सांजोऱ्यांचे डबे उघडले होते, पाळी सुटून आलेली माणसं तोंडं धूत होती. मी उपरणी वाटली. डागांबद्दल कोणी काही म्हणालं नाही. एकाने हे डिझाइन नवीन आलंय का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

ते एक उपरणं मी खाली ठेवलं होतं. बापूंनी बाड घेतलं, उघडून बघितलं, मिटलं. मग त्यांची नजर त्या उपरण्यावर गेली. त्यांनी ते उचललं, तो निळा भाग दोन्ही हातांत ताणून धरला आणि डोळ्यांजवळ नेला. मी समजावून सांगणार होते की पानं ताण्यावर वाळत घातली होती, त्यामुळे झालंय. सांगावं लागलं नाही.

"हाई कोनले देशी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच."

त्यांनी ते खांद्यावर टाकलं, निळा भाग पुढे छातीवर येईल असं, आणि डफाला खूण केली.

बापू बाड हातात उघडं धरून गातात, त्यांचे वडील धरायचे तसं. मी पुढेच बसले होते. मग कोरं पान आलं. बापूंनी त्या कोऱ्या पानावर नजर ठेवून सगळं गाणं म्हटलं, जिथे संपायचं तिथे पान उलटलं आणि पुढचं कोरं पान सुरू केलं. लोक मागून सूर ओढत होते. शेजारी उर्मिलाबेन टाळ्या वाजवत होत्या. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने पुसलं आणि ह्यांना सांगितलं की धूळ फार आहे.

तेव्हापासून मी पुस्तकावर कुंडी ठेवत नाही. भावाला सांगून गावाकडचा जुना पाटा आणि दळायची दोन जाती मागवून घेतली आहेत. त्यांना कोणी पाणी घालत नाही. मोगरा मात्र पुन्हा तसा फुलला नाही, चार फुलं देतो आणि थांबतो.

बापूंची बायको मला बाजारात भेटते. दर वेळी भाजीच्या टोपलीशी उभी राहून तीच तक्रार करते. तिने कपाटातलं सगळं धुऊन काढलं, चादरीसुद्धा, पण त्या एका उपरण्याला बापू हात लावू देत नाहीत. घामाचा वास यायला लागला आहे, तरी नाही. "म्हणे धुवू नको," ती सांगते. "म्हणे, अक्षर निंघी जाई."

मी तिला म्हणते, नका धुऊ. आणि तिच्या टोपलीत आमच्या वाफ्यातली दोन कारली टाकते.